पेटी जागेवर आहे, माशा नाहीत

मित्रांनो, मी सबीनाची जुनी मधपेटी. अंगावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेला आहे, म्हणजे मी सरकारी योजनेतली. सबीना चारचौघांत मला सागवानी म्हणते. ते काही खरे नाही, मी साध्या लाकडाची आहे. पण माझ्या आतल्या आठही चौकटी माशांनी भरल्या की मला कुणाचा हेवा वाटत नसे.

सबीनाने दहा दिवसांचे प्रशिक्षण घेतले आणि अनुदानावर मला वरवंडला आणून बांधावर ठेवले. पलीकडे मारुतरावांनी कांद्याचे बी धरले होते. गोंडे फुलले तशा माझ्या माशा तिकडे धावल्या. मारुतरावांचा समज असा, की माशा फुलातला कस शोषतात आणि बी पोचट निघते. अहो, उलट आहे! माशा फिरल्या तरच बी भरते. पण पेटीचे कोण ऐकतो?

भर फुलोऱ्यात, सकाळी नऊला त्यांनी औषध फवारले. दुपारी माझ्या दाराशी मेलेल्या माशांचा सडा पडला. सबीनाने त्या सुपात भरल्या आणि तिथेच बसून रडली. चार दिवसांत उरलेल्याही गेल्या. मारुतरावांचे गोंडेही रिकामेच राहिले.

मग योजनेच्या तपासणीचे साहेब आले. कागदावर एवढेच विचारले होते, की पेटी जागेवर आहे का. साहेबांनी 'आहे, सुस्थितीत' असे लिहिले. सबीना गप्प राहिली असती तर निभावले असते. खरे सांगितले तर मला उचलून दुसऱ्या कुणाला देतील, ही तिला धास्ती होती. मलाही होती.

"साहेब, पेटी हाय, पर माशा न्हाईत," ती म्हणाली. "त्येबी लिवा."

"कारण काय लिहू? रोग?"

मारुतराव बांधावरच उभे होते. खाली मान घालून म्हणाले, "रोग न्हाई साहेब. माझी फवारणी. माझंच नाव लिवा."

कागदावर त्यासाठी जागा नव्हती. साहेबांनी मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतले. मला कुणी नेले नाही, पण माशांची नवी वसाहत यायला पाच महिने लागले. तोवर माझ्यात पाली राहिल्या. त्या दिवसांविषयी मी फार बोलत नाही.

आता मारुतराव फवारणीच्या आदल्या दिवशी येऊन सांगतात, "सबीना, उद्या सांजच्याला मारतोय. माशा आत आल्या का दार लाव."

मित्रांनो, तुमच्या घरीही हेच सांगा. फुलोऱ्यात फवारू नका. अगदीच अडले तर संध्याकाळी, आणि शेजाऱ्याला आधी सांगून. मी मोडले तर सुतार दुसरी पेटी करून देईल. माशी कुठल्याच सुताराला करता येत नाही.