सहा वर्षांचं चक्र

मॅडमनी बारा वर्षं एकाच ताऱ्याच्या मागे घालवली होती. तारा लाल, खुजा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आपल्या सूर्याची चुंबकीय खळबळ अकरा वर्षांत वाढते नि ओसरते, तसं या चिमुकल्याचंही काही चक्र आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. उपग्रहावरच्या दुर्बिणीतून वर्षातून दोनदा, काही तास, त्याचे क्ष-किरण मोजायचे. मधूनच तारा भडकायचा. ते भडके कापून टाकायचे आणि उरलेली शांत पातळी आलेखावर मांडायची. बारा वर्षांत दोन चढ, दोन उतार. सहा वर्षांचं चक्र! शोधनिबंध गाजला, मॅडमना खिडकीची खोली मिळाली, आणि नवरा चारचौघांत "आमच्या हिचा तारा" म्हणायला लागला.

निबंधाला सात वर्षं झाली आणि एका सोमवारी परक्या संस्थेतल्या गटाचं पत्र आलं. भाषा लोण्यासारखी मऊ. तुमचीच मोजमापं सगळीकडे एकच नियम लावून तपासली, चक्र दिसत नाही, छापण्याआधी आपलं म्हणणं कळावं.

"जळतात मेले," नवरा म्हणाला.

मॅडमनी चार दिवस दार लावून सगळं नव्यानं मोजलं. चढ गेले, उतार गेले. उरली ती एक ओबडधोबड सपाट रेघ.

घोळ भडक्यांत होता. भडका कुठे संपला, हे त्या नजरेनं ठरवायच्या. उतार यायला हवा त्या वर्षी सढळ हातानं कापायच्या, चढाच्या वर्षी हात आखडता घ्यायच्या.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, असं मात्र नाही. निबंध छापायला जायच्या आधी त्यांची एक विद्यार्थिनी फळ्यासमोर उभी राहिली होती. प्रश्न सोडायची नाही म्हणून सगळे तिला चिकटपट्टी म्हणायचे. ती म्हणाली, "मॅडम, आपण तारा मोजत नाही आहोत. आपली कात्री मोजतोय." खोलीत हशा पिकला. महिन्याभरात मॅडमनी तिच्या अहवालात 'संशोधनाला लागणारी शिस्त नाही' असं लिहिलं, आणि तिची पीएचडी तिथेच आटोपली.

शनिवारी दुपारी मॅडम तिला शोधत गेल्या. दोन जिने चढून एक शिकवणीवर्ग होता. ती फळा पुसत होती. केस पांढरे व्हायला लागले होते.

"तू बरोबर होतीस," मॅडम म्हणाल्या. "निबंध मागे घेतेय. माघारीच्या पत्रावर तुझं नाव घालू?"

ती हसली. "छापताना नाव हवं होतं, मॅडम. आता मढ्याला खांदा द्यायला बोलावताय?"

मॅडम जायला वळल्या.

"एकच सांगा. तेव्हा तुम्हाला खरंच पटलं नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. मॅडमच्या तोंडातून निघालं, "पटलं होतं. त्याच संध्याकाळी."

तिनं हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "मी सात वर्षं समजत होते, की मला नीट सांगता आलं नाही." मग दाराकडे पाहून म्हणाली, "मुलं येतील आता. तुम्ही निघा."

मॅडमनी घरी येऊन पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य घातलं: ही चूक एका विद्यार्थिनीनं वेळीच दाखवली होती, आणि मी तिला काढून टाकलं.

संचालकांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "चूक कबूल केलीत, झालं की. हे घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला? संस्थेची अब्रू आहे."

"खरं आहे ते, सर."

"खरं असेल हो. पण निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमच्या. खोली, निवृत्तीनंतरची मानद जागा, सगळं माझ्याच सहीनं व्हायचंय ना?"

मॅडम पाच मिनिटं वाद घालत होत्या. खरं तर तीनच. मग त्यांनी वाक्य खोडलं आणि सही केली.

दोन महिन्यांनी त्या गटाचा निबंध आला. शेवटी आभार होते, मॅडमच्या दुर्मिळ प्रामाणिकपणाबद्दल. नवऱ्यानं ते पान छापून आणलं आणि चहा पिताना शेजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मॅडम त्यांच्यासाठी खुर्च्या सरकवत राहिल्या.