हळद लागलेली काचपट्टी

मी एक जुनी काचपट्टी आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा जिच्यावर पसरतात, तीच आमची जात. माझं नशीब थोर, म्हणून कांदा टळला आणि संशोधन वाट्याला आलं.

२००४ साली नाशिकच्या एका महाविद्यालयात रोहिणीताईंनी मला निवडलं. त्यांना सर्पदंशाची चाचणी बनवायची होती. रक्ताचा थेंब माझ्यावर टाकायचा. त्यात विष असेल तर माझ्यावरचे ठिपके निळ्या दिव्याखाली हिरवे चमकणार. साप विषारी होता की बिनविषारी, या चर्चेत कळवणला त्यांच्या धाकट्या भावाचा जीव गेला होता.

नुसत्या काचेवर प्रथिनं म्हणजे अळवावरचं पाणी. म्हणून ताईंनी मला आम्लात न्हाऊ घातलं, सिलेन नावाच्या रसायनाचा न दिसणारा थर दिला आणि त्या थरावर विष पकडणारी प्रथिनं ठिपक्याठिपक्यांनी चिकटवली. माझ्या बहिणी एकेक करून वाया गेल्या. प्रथिनंही संपली. उरले मी एकटी. दसऱ्यानंतर संशोधनाला पैसे देणारी समिती चाचणी बघायला येणार होती. मी नापास, तर काम बंद.

आणि मध्ये खंडेनवमी आली.

प्रयोगशाळेची झाडलोट मंगलामावशी करत. त्यांनी तराजूला, फ्रिजला, झाडूलासुद्धा हळदकुंकू वाहिलं. मग माझी डबी उघडली. "डबीला टिळा नि आतलीला काहीच नाही? पोरीचं काम फळू दे गं बाई," म्हणत मला कुंकू लावलं आणि ओल्या हळदीचं बोट माझ्या अंगभर फिरवलं. मित्रांनो, मला कंठ असता तर माझी किंकाळी पार गोदाकाठी, गंगेवर ऐकू गेली असती.

समिती येणार त्या सकाळी ताईंनी डबी उघडली आणि तशाच नळाकडे धावल्या. मला धुतलं. कुंकू गेलं. हळद कधी जाते का?

निळा दिवा लागला. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार चमकले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुख यादव सर फुलून म्हणाले, "बघा! आहे की नाही कमाल!"

"सर," ताई हळूच म्हणाल्या, "रक्ताचा थेंब मी अजून टाकलेलाच नाही."

सर ओठ न हलवता म्हणाले, "मग टाकूच नकोस."

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग समितीकडे वळल्या. "साहेब, ही हळद चमकतेय. विष असो, नसो, ही असंच सांगेल. हिच्या भरवशावर कोणाला औषध देता येणार नाही."

टाळ्या थांबल्या. दिवाळीआधी कामही थांबलं.

"माझ्यामुळं झालं का गं ताई?" मावशींनी पदराचा बोळा तोंडाशी धरून विचारलं.

"नाही हो मावशी. चहा टाका."

समितीशी खोटं न बोललेल्या ताई मावशींशी मात्र सरळ खोटं बोलल्या.

मित्रांनो, आमच्यावर माया असेल तर हात धुवा, आम्हाला कडांना धरून उचला आणि डबीचं झाकण लावा. पूजा नको. अजूनही कुठल्या तरी पाड्यावरून साप चावलेल्या कोणाला तरी झोळीत घालून पळवत आणत असतील, आणि मी इथे खणात पडून आहे. निळ्या दिव्याखाली धराल तर आजही अगदी यशस्वी दिसते.