भागीरथाबाईचे पत्ते

“हा पाह्य, माहा जावई!” जिजाबाई हातातला पत्ता नाचवत ओरडली.

पत्त्यावर एका पायाने झाडाला उलटा टांगलेला माणूस होता. चेहरा मात्र निवांत.

“काय वाटते त्याले पाहून?” माझ्या आईने विचारले.

“वाटते का? दुसऱ्या पायालेही दोर बांधावा!”

अंगणातल्या बाया खो खो हसल्या. आई हसली नाही. “आन तुही पोरगी कुठं हाये या चित्रात?”

जिजाबाईने पत्ता जवळ नेला, लांब धरला आणि एकाएकी पदराने डोळे पुसू लागली. आईने पत्ता परत गड्डीत ठेवला. पत्ता काढायला लावायचा आणि विचारायचे, तिची पद्धत एवढीच होती.

दर पौर्णिमेला बाया अशा जमायच्या; ती १९५८ सालची माघ पौर्णिमा. हिंगणघाटला आमच्या अंगणावर नुकता कुठे चंद्र आला होता. आईची ही शेवटची पौर्णिमा, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आई, भागीरथाबाई, स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये कामाला होती. झाडायचे, माठ भरायचे, घंटा झाली की झोपलेल्या बायांना गाडीसाठी उठवायचे. एक गोरी मडम भविष्य पाहायचे हे टॅरोचे पत्ते बाकावर विसरून गेली. आईने ते स्टेशनमास्तर साहेबांकडे जमा केले. वर्षभर कोणी मागायला आले नाही. साहेबांनी त्यांवर रमी खेळून पाहिली, जमेना, तेव्हा तिलाच देऊन टाकले.

आईला अक्षर येत नव्हते, त्यामुळे चित्रांखालच्या इंग्रजी नावांची तिला अडचण झाली नाही. वीज पडून ढासळणारा मनोरा तिच्या लेखी रेल्वेची पाण्याची टाकी. घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा म्हणजे एक्सरे. तो ‘हाडक्या’ जिला निघेल, तिने वर्ध्याच्या दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढायचाच. त्या पत्त्याचा खरा अर्थ ‘मृत्यू’, हे मी नागपूरच्या वाचनालयात वाचले होते. पण गप्प राहिले. तोवर तीन बाया वर्ध्याला जाऊन आल्या होत्या, आणि अनुसयाबाईचा क्षय वेळेवर सापडला होता.

“कोणी पाठवलं?” डॉक्टरने अनुसयाबाईला विचारले होते.

“भागीरथाबाईनं.”

“त्या कोणत्या दवाखान्यात असतात?”

“टेसनात.”

त्या संध्याकाळी शेजारचे प्रेमदास कुंपणावरून म्हणाले, “भागीरथाबाई, आपन दीक्षा घेतली. आता हे भविष्य काऊन पाहून राह्यली?”

“भविष्य कोन सांगते, भाऊ?” आई खोकला आवरत म्हणाली. “मनात काय हाये, थे इचारून राह्यली. तुमी येता का बसाले?”

प्रेमदास लगबगीने घरात गेले.

शेवटी, नेहमीप्रमाणे, आईने पत्ते माझ्यापुढे धरले. “सुलो, काढ एक.”

“मला वह्या तपासायच्या आहेत.”

“बरं. काढशीन तवा सांगजो.”

काय सांगायचे ते आम्हा दोघींनाही माहीत होते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही शाळेच्या शिक्षिका नागपूरला निघालो होतो. वेटिंग रूममध्ये आईने न मागता मला पाणी आणून दिले, पेल्याचा काठ पदराने पुसून. मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी विचारले, “तुमच्या ओळखीच्या दिसतात?” मी म्हणाले, “स्टेशनवरची बाई आहे.” आईने रिकामा पेला उचलला. “गाडी याले दहा मिनिटं हाये, बाईसाहेब,” ती मला म्हणाली. घरी परतल्यावर तिने मला गरम भाकरी वाढली. त्यानंतर प्रत्येक पौर्णिमेला ती पत्ते माझ्यापुढे धरू लागली, आणि मला प्रत्येक वेळी वह्या आठवू लागल्या.

माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई वेटिंग रूमच्या बाकावर टेकली, ती उठली नाही. मध्ये दोन गाड्या गेल्या. दमून झोपली असेल, असे वाटून बाया पाय न वाजवता गाडीत जाऊन बसल्या.

फाल्गुनातल्या पौर्णिमेला कोणी येईल असे वाटले नव्हते. सगळ्या आल्या. जिजाबाईने सतरंजी अंथरली. पत्ते मध्ये ठेवले. हात कोणी लावेना.

“पन इचारन कोन?” अनुसयाबाई म्हणाली.

प्रेमदास कुंपण ओलांडून आले, खाकरले आणि कोणी म्हणायच्या आत पत्ता काढून बसले. हाडक्या निघाला.

“मी नाई जात वर्ध्याले,” ते म्हणाले. “मले काय झालं?”

“सकायची मोटर हाये, भाऊ,” जिजाबाई म्हणाली. “भागीरथाबाई असती त थिनं तिकिट काढून देल्लं असतं.”

हशा झाला. प्रेमदास पत्त्याकडे पाहत राहिले. “रात्री झोप नाई येत,” ते हळूच म्हणाले, “भागीरथाबाईचा खोकला आयकू येत नाई म्हून.”

मग जिजाबाईने पत्ते माझ्यापुढे केले. “काढा, मास्तरीनबाई.”

मी काढला. हातात उपडाच ठेवला. पाहिला नाही.

“काय दिसते?”

मी शाळेत शुद्ध बोलते, घरीही तेच बोलत आले. आई तिच्या भाषेत विचारायची, मी पुस्तकाच्या भाषेत उत्तर द्यायची.

“वेटिंग रूममंदी मले इचारलं होतं, हे कोन म्हून,” मी म्हणाले. “मी खोटं सांगतलं. माही माय होती थे.”