डाव्या पायाचा फर्मा

जोडेवाल्याच्या दुकानातली एक भिंत नुसती पावलांची होती. लाकडी पावलं, खुंटीखुंटीला टांगलेली. या फर्म्यांवर कातडं ताणून तो जोडे बांधायचा. कुणाचा फर्मा रुंद, कुणाचा काटकुळा, कुणाच्या अंगठ्याशी सुपारीएवढी गाठ. गिऱ्हाईक वारलं तरी वर्षभर तो फर्मा उतरवायचा नाही. म्हणायचा, "माणूस गेलं म्हणून पाऊल लगेच पुसतं का?"

दाराजवळची पहिली खुंटी लेकीची. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. शाळेत पोरं लंगडी म्हणायला लागली तेव्हा त्याने घरात तिचं नाव ठुमकी ठेवलं, आणि आठव्या वर्षी तिच्या डाव्या पावलाचा फर्मा कोरला. पाय वाढेल तसा त्यावर कातड्याचा एकेक थर चिकटवत गेला, खोड वर्षावर्षाचं कडं धरतं तसा. त्या फर्म्यावर जाड तळाचा बूट बांधायचा आणि आई सकाळी त्याची नाडी बांधता बांधता गुणगुणायची:

एक पाऊल घाई करी, एक पाऊल मागं पाहे
दोघांच्याही मधी माझी लेक झुळझुळ वाहे

घाई करणारं पाऊल जिंकलं. ठुमकी परदेशात गेली. एका इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. दिवसाचे आठ तास उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या. पहिले सहा महिने कच्ची नोकरी. बसलेली दिसली की संपलं. अन् वर्ष व्हायच्या आतच डाव्या बुटाचा तळ झिजला. तिकडे असला बूट बनवून घ्यायचा तर नंबर लागायलाच सहा महिने, आणि किंमत ऐकून जोडेवाल्याने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला, जणू या कानाला खोटं ऐकू आलं असावं.

"मी बांधतो," तो म्हणाला. "तू फक्त पाय सांभाळ."

बूट पाच दिवसांत झाला. हातचं काम बाजूला ठेवून केलेला, मेण पाजलेल्या दोऱ्याने शिवलेला. तो घेऊन तो पार्सलच्या कचेरीत गेला. काउंटरवरच्या ताईने खोकं काट्यावर ठेवलं, मग फूटपट्टीने लांबी-रुंदी-उंची मोजली आणि आकडा सांगितला.

"एवढा? काटा तर दीड किलोसुद्धा दाखवत नाही."

"काका, वजन नाही धरत, जागा धरतात. खोकं मोठं आहे तुमचं."

"म्हणजे आतल्या हवेचं भाडं?"

"हवेचंच जास्त."

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," तो पुटपुटला. मग तिथेच बाकावर बसून त्याने पिशवीतली रापी काढली. कातडं कापायच्या त्या पात्याने खोकं चारी बाजूंनी कापून बुटाच्या अंगाला बसतं केलं. रांगेतली माणसं बघत राहिली. भाडं निम्म्यावर आलं.

"आत काय लिहू?"

"बूट."

"जोडी?"

"एक. डाव्या पायाचा."

ताईने चष्म्यावरून पाहिलं. "एकच? दुसरा हरवला का?"

"दुसरा पाय शहाणा आहे. त्याला बाजारातला चालतो."

ताई हसली. तोही हसला. फॉर्मवर बूट, नग एक असं लिहिलं गेलं.

बुटाच्या पोटात फर्मा होता. ते त्याला सांगायचं सुचलंच नाही, जसं भरलेला घडा देताना आत पाणी आहे हे कुणी सांगत नाही. बापाने त्याला पहिला धडा दिला होता तो हाच: पाय समोर येईपर्यंत नव्या जोड्यातून फर्मा काढायचा नाही, नाहीतर कातडं रुसतं, वाकडं वाळतं. आजवर पाय नेहमी समोरच असायचा. ठुमकी स्टुलावर बसायची, तो फर्मा खेचून काढायचा आणि त्याच्या जागी तिचं ऊनऊन पाऊल सरकवायचा. या वेळी तिनेच तो काढायचा, आणि सुट्टीत येताना परत आणायचा, असं ठरलं होतं.

बारा दिवस पार्सल पुढे सरकत राहिलं. तेराव्या दिवशी थांबलं. विसाव्या दिवशी तिकडच्या जकातवाल्यांचं पत्र आलं. ते घेऊन तो पुन्हा ताईपुढे उभा राहिला. तिने वाचलं, आणि तिचा आवाज खाली आला.

"काका, आत लाकूड होतं?"

"फर्मा आहे."

"फॉर्मवर लिहिलं नाही आपण. कच्चं लाकूड म्हणतायत. कीड असू शकते."

"कीड? अठरा वर्षं तेल पाजलंय मी त्याला!"

"त्यांना शिक्का लागतो. भट्टीत तापवल्याचा." तिने कागद त्याच्याकडे वळवला. "सगळं परत मागवा, भाडं तुमचं, दीड-दोन महिने लागतील. नाहीतर लाकूड जाळायला परवानगी द्या, बूट पुढे जाईल. शुक्रवारपर्यंत काहीच कळवलं नाही, तर दोन्ही जाळतील."

"पैशाचं बघतो मी," तो म्हणाला. "परतच मागवतो. आधी लेकीला विचारतो."

संध्याकाळी फोन लावला. ठुमकीने सगळं ऐकून घेतलं आणि जरा जास्तच पटकन म्हणाली, "मागवा की परत. मला काही घाई नाही."

"चालतेस ना नीट?"

"हो तर! आत्ताही चालतच बोलतेय."

त्याने डोळे मिटले. त्याच्या बुटातली तिची चाल त्याला झोपेतही ओळखू आली असती: ठक-ठप, ठक-ठप. फोनमधून येत होतं ते वेगळं. ठक, मग सर्र. ठक, मग सर्र. आणि मधे एक दाबलेला श्वास.

"बुटात काय घातलंस?"

पावलं थांबली.

"ठुमके."

"पुठ्ठा. चार घड्या करून. तुमचीच लेक ना बाबा, जमतं मला."

"कंबर?"

"कंबर आहे जागेवर," ती म्हणाली, आणि हसायला गेली, पण ते हसू वाटेतच थांबलं.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, आता कसला विचार करताय? पाय तिच्याकडे आहे. तिथे अडकलंय ते लाकूड."

"तुला लाकूड दिसतं."

"मला?" ती फिरून उभी राहिली. "नाडी कोण बांधायचं रोज? त्या फर्म्याला मी पदराने पुसलंय. पण पोरगी पुठ्ठ्यावर उभी असताना मी लाकडाला कवटाळून बसू?"

त्याने पत्राची घडी केली आणि सकाळी न्यायच्या पिशवीत ठेवली.

सकाळी ताईने फॉर्म पुढे केला. नष्ट करण्यास संमती: लाकडी वस्तू, नग एक. खाली जाळण्याचं शुल्क.

"जाळायचेही पैसे?"

"हो काका." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग हळूच, "पुन्हा नाही का करता येणार?"

"येईल की. पाय समोर असला तर दोन दिवसांत."

त्याने सही केली. आयुष्यभर कातडं टोचायची आरी धरलेला हात, पण अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं.

नऊ दिवसांनी फोन आला. ठुमकी नुसती चालून दाखवू लागली. ठक-ठप, ठक-ठप. बायकोने तोंडाशी पदर धरला. "अजून चार पावलं चाल," तो म्हणाला. ती चालली. "अजून चार."

मग त्याने तिला कागदावर पाऊल ठेवून भोवतीनं रेघ ओढायला सांगितली, नव्या फर्म्यासाठी. तिने फोटो पाठवला. फोनच्या काचेवर अंगठ्याएवढं पाऊल. बोटांनी मोठं करावं तसं धुरकट होत जाणारं. त्यातून लांबी कळेल, रुंदी कळेल. पण टाचेचा कल, घोट्याखालची ती खोलगट जागा, चवड्याचा उंचवटा कुठून कळणार? कागदाला पोट नसतं.

तरी त्याने लाकूड घेतलं. फोटो बाजूला ठेवला आणि हाताला म्हणाला, तूच आठव. दोन दिवस तासत राहिला. टाच उतरली, कमान उतरली, करंगळी जराशी आत वळली, अगदी तिची. हात कुठे अडखळला नाही. बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा तो ते पाऊल तळहातावर घेऊन बसला होता. तळहात पुरून उरत होता.

"हे कुणाचं हो? एवढंसं?"

"तिचंच," तो म्हणाला. "आठव्या वर्षीचं. हाताला तेवढंच पाठ आहे. पुढचे सगळे थर त्याच्यावर होते."

ती शेजारी बसली. दोघांनी मिळून ते पाऊल पहिल्या खुंटीला टांगलं. खुंटीचा दोरा मोठ्या फर्म्याच्या मापाचा. त्यात ते सैल, एका बाजूला कलून राहिलं. नवा बूट फार तर वर्षभर टिकेल आणि पुढच्यासाठी पाय समोरच लागेल, हे जोडेवाल्याला ठाऊक होतं.