उठू नका, काका

मॅडम दारातून आत आल्या आणि तीन नंबरची लाइन थांबली.

थांबली म्हणजे अर्धीच. कॉलरच्या मशीनवरचे काका पॅडलवरून पाय काढून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून त्यांच्या मुलखातले आणखी चौघे उभे राहिले. पाचही जण हात पोटाशी धरून, मान जराशी खाली घालून, फोटो काढायला आल्यासारखे. उरलेल्या अर्ध्या लाइनने मान वरसुद्धा केली नाही. त्यांत बाह्या लावणारी तर खुर्ची तिरकी करून, दाराकडे चक्क पाठ करूनच बसलेली.

"गुड मॉर्निंग, काका," मॅडम म्हणाल्या.

काकांची मान आणखी खाली गेली.

"बसा, बसा."

काका बसले नाहीत. मॅडम बाहीवालीकडे वळल्या आणि तिच्या पाठीला म्हणाल्या, "गुड मॉर्निंग!"

"हं," बाहीवाली म्हणाली. बहुधा मशीनला.

मॅडमनी तिच्या डोळ्यांत डोळे घालायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांना टेबलाला वळसा घालून, कापडाच्या गठ्ठ्यावरून वाकावं लागलं. बाहीवालीने डोळे न उचलता गठ्ठा तेवढा बाजूला सरकवला, मॅडमना तो हवा असेल असं समजून.

एका तासाने मॅडम पुन्हा येणार होत्या.

यात मॅडमचा दोष काही नव्हता. त्या स्वतः याच कारखान्यात बटणाच्या मशीनवर इतकी वर्षं बसल्या होत्या की बोटांना आता शर्टाची पट्टी न बघता समजायची. मग साहेबांनी एक दिवस बोलावून त्यांना लाइनची सुपरवायझर केलं. काचेची केबिन दिली आणि 'वेगवेगळ्या संस्कृतींच्या माणसांचं प्रभावी व्यवस्थापन' या विषयाच्या शिबिराला धाडलं. शिबिर एका दिवसाचं होतं. संस्कृती बऱ्याच असल्यामुळे दुपारच्या जेवणाला सुट्टी थोडीच मिळाली. शेवटी प्रत्येकाला प्लास्टिकचं आवरण घातलेलं एक कार्ड मिळालं: दर तासाला फेरी मारा, नावानिशी अभिवादन करा, नजरेला नजर द्या, हसा. मॅडमनी ते कार्ड केबिनच्या काचेला आतून चिकटवलं आणि त्यातलं एकही कलम सोडलं नाही. कार्डावर शंका घेण्याइतक्या त्या अजून साहेब झालेल्या नव्हत्या.

घरी तर आनंदीआनंद होता. नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून "केबिन आहे, काचेची" हे सांगितलं होतं, आणि केबिनसाठी म्हणून एक कुंडीही आणली होती. तेव्हापासून तोही त्यांना मॅडम म्हणत असे. चहा मागतानासुद्धा.

फक्त शर्ट कमी पडत होते. मॅडम आल्यापासून रोज थोडे थोडे कमी.

"एक माणूस जास्त झालाय तुमच्या लाइनवर," साहेब म्हणाले. "कोण टिवल्याबावल्या करतोय ते बघा आणि शनिवारपर्यंत मला नाव द्या. सोमवारपासून तो नको."

मॅडमनी बघितलं. दिवसभर बघितलं, आणि जरा बारकाईने बघता यावं म्हणून फेऱ्याही वाढवल्या. उत्तर अगदी समोर होतं. बाहीवाली उद्धट होती, पण तिचं मशीन कधी बंद दिसलं नाही. काका नम्र होते, पण जेव्हा बघावं तेव्हा हा माणूस आपला उभा.

"काकांचं कसं काय आहे रे?" त्यांनी इस्त्रीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. इस्त्रीवाल्याला सगळ्यांच्या भाषा थोड्या थोड्या यायच्या. बाकीचे आपसांत कामापुरती भाषा बोलत. तिच्यात कॉलर, बाही, लवकर, उद्या आणि डोकं दुखतंय एवढं सगळं होतं.

"काकांचं काय असणार? गुडघे गेलेत. पण हाताला तोड नाही. का हो मॅडम?"

"काही नाही. असंच."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. "या वयात त्यांना दुसरं कोण घेणार आहे? तुम्ही असंच विचारताय ना? नक्की?"

मॅडमनी कार्डावर होतं तसं हसून दाखवलं.

त्या संध्याकाळी त्या घरच्या मशीनवर पडद्याला पट्टी लावत बसल्या होत्या. शेजारी मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून लोळली होती. सासरे आत आले, तशा मॅडम पॅडलवरून पाय काढून उठल्या. शिलाई घसरली आणि पट्टी वाकडी झाली.

"बस गं, बस," सासरे म्हणाले. "माझा चष्मा बघत होतो."

"डोक्यावर आहे, आजोबा," मुलगी मोबाइलमधूनच म्हणाली.

सासऱ्यांनी डोकं चाचपलं, "अरेच्चा!" म्हणाले आणि गेले. मॅडम बसल्या. थोड्या वेळाने पाण्यासाठी सासरे परत आले. मॅडम परत उठल्या.

"आई, तू कशाला उठतेस गं सारखी? ते 'बस' म्हणतायत ना?"

"अगं, मोठे आहेत."

"मग? मी नाही उठत, म्हणून काय मी त्यांना मान देत नाही? चष्मा कोणी शोधला?"

मॅडमनी वाकडी पट्टी उसवायला घेतली. लग्न झाल्यापासून सासरे 'बस' म्हणत होते आणि लग्न झाल्यापासून त्या उठत होत्या. दोन टाके उसवले, तिसऱ्याला हात थांबला.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे एक काका आहेत."

दुसऱ्या दिवशी त्या तडक कॉलरच्या मशीनपाशी गेल्या. काका उठले. मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि कामापुरत्या भाषेत ठणकावून सांगितलं, "काका, उद्यापासून उठायचं नाही. माझ्यासाठी उठू नका. कधीच नाही. समजलं?"

काकांनी मान हलवली. समजलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं की नीटच समजलं होतं.

थोड्याच वेळात काका केबिनच्या दाराशी उभे होते. अंगात बाहेर जायचा शर्ट, खांद्याला पिशवी. त्यांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांनी मॅडमच्या टेबलावर ठेवली. मागे इस्त्रीवाला होता आणि तो मॅडमकडे बघत नव्हता.

"हे काय?"

"ते म्हणतायत, कात्री कारखान्याची आहे. मोजून घ्या."

"अरे, पण का?"

"तुम्हीच तर सांगितलंत. त्यांच्याकडे एखाद्याला काढायचं असलं की वरचा माणूस म्हणतो, आता माझ्यासाठी उठू नकोस. तोंडावर 'जा' म्हणत नाहीत, वाईट दिसतं."

मॅडम खुर्चीतून ताडकन उठल्या. "नाही हो! तसं नाही! काका, गुडघे... तुमचे गुडघे..." त्यांनी स्वतःचा गुडघा दाखवला. काका गुडघ्याकडे बघून आणखीच खजील झाले. म्हणजे कारण गुडघे होतं तर.

"सांग ना रे तू त्यांना!"

"काय सांगू? उठा म्हणून सांगू की उठू नका म्हणून?"

याचं उत्तर कार्डावर नव्हतं. मॅडमनी कात्री उचलली, काकांच्या पुढे चालत लाइनवर गेल्या आणि ती त्यांच्या मशीनवर ठेवली. काका मशीनशेजारी उभेच राहिले, पिशवी खांद्याला तशीच. त्यांच्या मुलखातले चौघेही उभे राहिले. मॅडमचे पाय दुखायला लागले होते. बाहीवालीच्या पलीकडे बटणाच्या दोन मशीनपैकी त्यांचं जुनं मशीन बढतीपासून रिकामं होतं. त्या मटकन त्यावर बसल्या.

मॅडम बसल्या, हे काकांनी बघितलं. थोडा वेळ थांबून तेही बसले. मग चौघे बसले.

मॅडमच्या पुढ्यात अर्धवट शर्टांचा ढीग होता. बोटांना रिकामं बसायची सवय नसल्यामुळे त्यांनी एक शर्ट ओढला आणि बटण लावलं. मग दुसरा. पलीकडे कॉलरचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. काकांनी पिशवी खाली ठेवली होती.

"बरं झालं," शेजारून आवाज आला. मॅडमनी चमकून बघितलं. बाहीवालीची नजर बाहीवरच होती. "दर तासाला लाइन बंद. मी बाह्या कशाला लावायच्या, रुमालाला?"

"तू बोलतेस की! तेही आमच्या भाषेत!"

"बोलते ना. तुम्ही समोर येऊन उभ्या राहायच्या. समोर उभ्या राहिलेल्या माणसाशी कोण बोलतं? भांडण असलं तर गोष्ट वेगळी."

"अगं, मग निदान बघायचं तरी. मला वाटायचं, तुला मी आवडत नाही."

"वरचा माणूस आला की आम्ही खाली बघून हात जोरात चालवतो. लहानपणापासून तसंच शिकवलंय." तिने शर्ट उलटा केला. "बघत बसले असते तर तुम्हीच म्हणाला असता, हिला काम नाही."

अगदी हेच मॅडमनी म्हटलं असतं. फक्त दुसऱ्या कुणाविषयी तरी ते मनात म्हणून झालं होतं. त्यांनी पुढचं बटण लावलं.

दिवसभरात त्या तिथून हलल्या नाहीत. फेरी नाही, गुड मॉर्निंग नाही. कोणाचा दोरा संपला, कोणाचं बॉबिन अडकलं, हे त्यांना बसल्या जागी आवाजावरून कळत होतं. संध्याकाळी शर्टांचे गठ्ठे इस्त्रीच्या टेबलावर मावेनात, तेव्हा इस्त्रीवाल्याने सगळ्यांच्या भाषांत थोडी थोडी तक्रार केली.

शनिवारी साहेबांनी विचारलं, "मग? नाव?"

"लाइन कोण थांबवत होतं ते सापडलं, साहेब. काढलं त्याला."

"शाब्बास! कोण होतं?"

"मी."

साहेबांना विनोद आवडत नसत. मॅडमनी मग सगळं सरळ सांगितलं: काका राहतील, सगळेच राहतील, आणि मी बटणाच्या मशीनवर बसून लाइन बघेन. शर्टांचा ढीग साहेबांनी आदल्या दिवशी स्वतः बघितला होता, त्यामुळे पहिल्या दोन गोष्टींवर त्यांना बोलता येईना. ते तिसरीवर बोलले.

"मशीनवर बसायचं असेल तर केबिन कशाला? दोऱ्याची रिळं ठेवायला जागा नाहीये आपल्याकडे."

"ठेवा ना रिळं," मॅडम म्हणाल्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पद आहे, पण केबिन नाही."

"हो."

"आणि कुंडीचं काय?"

"खिडकीत ठेवीन. मशीनच्या बाजूला. ऊनही लागेल तिला."

"लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, काच काढली म्हणून."

नवऱ्याने यावर विचार केला. "हे चालेल," तो म्हणाला. "मॅडम, चहा मिळेल का?"

सोमवारी मॅडम सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. नंतर आलं तर लाइन उठते. आधी येऊन बसलं तर उठायचा प्रश्नच येत नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता. बाहीवाली आली, तिने पाठ केली, मशीन सुरू केलं. खिडकीतल्या कुंडीला तिने येता येता पाणी घातलं होतं. तेवढ्यात दारातून काका आत आले, एका गुडघ्याला जरा सांभाळत.

आणि मॅडम उठल्या.

उठायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. एक वयस्कर माणूस दारातून आत आला आणि पाय पॅडलवरून आपोआप निघाला.

काका जागच्या जागी थबकले. मॅडम आपल्यासाठी उठल्या म्हणजे आता आपणही उठायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण ते आधीच उभे होते. उभ्या माणसाने आणखी कसं उठायचं, याची त्यांच्या मुलखात काही सोय नव्हती.

दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"उठू नका," काका कामापुरत्या भाषेत म्हणाले. मग हाताने खाली दाखवलं. "बसा. बसा."

मॅडम बसल्या नाहीत.

"झालं का तुमचं दोघांचं?" बाहीवाली मान वर न करता म्हणाली. "इकडे एक कॉलर नाही. लावू का मी बाह्या रुमालाला?"

काका गडबडीने आपल्या मशीनकडे गेले, खुर्ची ओढली आणि बसले.

मग मॅडम बसल्या.