पावलांनी मोजलेला चौकोन

महालिंगानं ते कापड देवळीवरच्या कोपऱ्यात टांगलं, तेव्हापासून भागम्मा त्या कोपऱ्याकडं पाठ करून पूजेला बसू लागली. इष्टलिंग तळहातावर घ्यायचं. तोंड कुठं अन् पाठ कुठं, हे तिला कुणी विचारणार नव्हतं. पण पाठ केली तरी पाठीला डोळे फुटायचे. विभूती ओढताना कपाळावरचे पट्टे एकमेकांत मिसळून जायचे.

तसं त्या कापडावर भिण्यासारखं काय होतं? लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं मांजरपाट. त्यावर काजळी जवसाच्या तेलात खलून भरलेला एक मोठा काळा चौकोन. चौकोनाच्या एका कडेला कोऱ्या कापडाचाच सोडलेला त्रिकोण. त्रिकोणाच्या पुढ्यात गेरूचा तांबडा गोल. झाड नाही, माणूस नाही, देव नाही.

भागम्मानं मात्र हे सगळं आधी पाहिलं होतं. मळ्यात, चिंचेखाली, तिचा मालक बसवंतराव गेला त्या दिवशी. त्यांच्या लिंगायतांत माणसाला आडवं निजवत नाहीत. चौकोनी खड्डा खणायचा, त्याच्या भिंतीत तिकोनी कोनाडा कोरायचा अन् मयताला मांडी घालून त्यात बसवायचं. वरून मीठ, विभूती अन् माती पडायच्या आधी तिला शेवटचं दिसलं ते हेच: काळ्या रानातला काळा चौकोन, कोनाड्याचा पांढुरका मुरूम, अन् तांबड्या पागोट्यातलं धन्याचं झुकलेलं डोकं.

मग लेकानं हे कुणाचं काढलं? बाप तर गेला. घरात पुरुषमाणूस आता एकच उरला होता.

त्याच्या पुढचा विचार ती करत नसे. असलं काही ओठावर आलं की ते खरं होतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं.

तरी एकदा, जेवायला वाढताना, तिनं इकडं तिकडं बघत विचारलं, "हे कशाचं रे काढलास, म्हाल्या?"

"कशाचंच न्हाई, माय."

"कशाचंच न्हाई म्हंजी? एवढं तेल काय उगंच जिरवलंस?"

महालिंग हसला. मुंबईला चित्रकलेच्या शाळेत तीन वर्षं काढून, बाप गेल्यावर शेतीपायी परत आलेला पोरगा. तिकडचं काही बोलायचं म्हटलं की त्याचा हात भाकरीवरच थांबायचा.

"आजवर चितारी काय करायचे माय? राजाचं नाक, राणीची नथ. आंबा काढला तर तो आंब्यावानी दिसाया पायजे. मग तिकडं विलायतेत काही जण म्हणाले, बास झाली नक्कल. नुसता चौकोन, नुसता गोल, नुसता रंग. तो दुसऱ्या कशाचा न्हाई, त्याचाच. रशियात एकानं पांढऱ्यावर निव्वळ काळा चौकोन रंगवला, अन् तिथली माणसं घरात देवाची तसबीर लावतात ना कोपऱ्यात, तसा कोपऱ्यात वर टांगला. तीस सालं झाली असतील. आमच्या सरांनी पुस्तकात दावला, मला तर झोपच लागली न्हाई."

"मंग? त्या घरचं कुणी गेलं का?"

महालिंगाचं हसू अर्ध्यावर राहिलं. "घर नव्हतं गं ते. मांडणी होती चित्रांची. लोक बघाया यायचे."

"असलं बघून त्यांना जेवण गेलं का?"

"माय, तू बी ना!"

तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकर टाकली. दुसऱ्या दिवशी दळायला बसली तेव्हा जात्यातून पीठ सुटावं तशी तिच्या तोंडून आपोआप ओवी सुटली:

काळ्या गं रानामंदी
पेरिते मी जोंधळा
माझ्या बाळाच्या वाटेचा
काळ राहू दे आंधळा

कपाशीच्या वाती वळताना, गाईपुढं कडबा टाकताना तेच कडवं. बाहेरही धीर यावा असं काही नव्हतं. अठ्ठेचाळीस सालचा वैशाख. देश मोकळा झाला होता, पण हा मुलूख अजून निजामाचा. रझाकारांच्या टोळ्या गावं पेटवत फिरत होत्या. गंगाखेडला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुलाकडं कुणी रेल्वेचे रूळ उखडायला आलं होतं अशी आवई उठली होती, अन् तेव्हापासून जवान पोरांच्या घरांची झडती सुरू झाली होती. शेजारची नागुबाई विस्तव मागायला आली ती उंबऱ्यावरच टेकली.

"सोनपेठच्या बाजारातनं दोघं उचलले म्हणं. मुंबई-पुणं करून आलेली पोरं आधी धरायलेत. तुजं पोरगं चार दिस मामाकडं लाव की."

"लावलं तर पळाला म्हणतील," भागम्मा म्हणाली. विस्तव देताना निखारा तिच्या बोटाला लागला अन् तिला कळलंही नाही.

ते आले भर दुपारी. पुढं घोड्यावरून उतरलेला निजामाच्या पोलीस चौकीचा अमीन, घामेजलेला, डोळे तांबारलेले. मागं दोन बंदूकवाले जवान, अन् सगळ्यांच्या मागं, आपण आलोच नाही अशा चालीनं, गावचा पोलीस पाटील आबासाहेब. जवानांनी कणगीत काठ्या खुपसल्या, गोधड्या झटकल्या, माळवदावर चढून आले. कुठं काही नव्हतं. अमीन जायला वळला अन् त्याची नजर कोपऱ्यात गेली.

"ये क्या है?"

"चित्र हाय, साहेब," महालिंग म्हणाला.

"किसका?"

"कशाचंच न्हाई."

भागम्मानं डोळे मिटले. आईला दिलेलं उत्तर पोरानं सरकारलाही दिलं होतं.

"कुछ नहीं का चित्र! पाटील, तुमने कभी देखा?"

"न्हाई बा साहेब," आबासाहेब म्हणाला. "आमच्याकडं भिंतीवर गणपती काढत्यात, न्हाईतर हत्ती."

अमीननं हातातली छडी काळ्या चौकोनावर ठेवली. "ये गंगा का पानी." छडी त्रिकोणावर सरकली. "ये पुल के पास हमारा तंबू." मग ती तांबड्या गोलावर येऊन थांबली. "और ये लाल? यहां क्या लगानेवाले थे, बोल!"

"साहेब, तसं न्हाई. ही नवी चित्रकला हाय. विलायतेत, रशियात असं..."

"रशिया?" अमीनचा आवाज एकदम खाली आला. "कम्युनिस्ट है क्या रे तू?"

जवानानं महालिंगाची गचांडी धरली. सदऱ्याची गुंडी तुटून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडली.  जी गोष्ट त्यानं एवढ्या हौसेनं आईला सांगितली होती, तीच आता त्याच्या गळ्याला पडली होती.

"नकाशा न्हाई तो," भागम्मा बोलली.

सगळे तिच्याकडं वळले. तिचा पदर दातात होता. तो तिनं काढला.

"आमची समाधी हाय ती. माणूस पुरायचा खड्डा. तो काळा, तो खड्डा. तो तिकोन, आतला कोनाडा. तांबडं हाय ते बसल्या माणसाचं डोकं. पाटलाला इचारा."

आबासाहेब चित्राच्या जवळ गेला. मान तिरकी करून बघितलं अन् खरोखरच दचकला. "आयला, खरंच की! साहेब, ह्यांच्यात असंच असतंय. बसवंतरावाच्या मातीला मी होतो. हुबेहूब."

महालिंगानं आईकडं बघितलं, मग कापडाकडं बघत राहिला. चित्र त्याचं, पण आज पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

"किसकी कबर?" अमीननं विचारलं.

एवढे दिवस जे नाव तिनं मनातही येऊ दिलं नव्हतं, ते आता जिभेच्या टोकावर येऊन बसलं. तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल, असं तिला वाटलं.  तिनं ते नाव आत ढकललं.

"माजी," ती म्हणाली.

"जिंदा है और कबर का नक्शा?"

"पिकलं पान हाय, साहेब. पोराला म्हणलं, आदी दाव कसं करशील ते."

"जगह कहां है?"

"मळ्यात. मालकाच्या शेजारी. खणायचं ऱ्हायलंय."

अमीननं कपाळाचा घाम पुसला. "चलो फिर. मेरे सामने खोदो. झूठ निकला तो छोकरा मेरे साथ."

मळ्यात ऊन नुसतं जाळत होतं. बसवंतरावाच्या समाधीच्या ओट्यापाशी अमीन थांबला, बूट ओट्याला लागू नये म्हणून वळसा घालून पलीकडं गेला, अन् चिंचेच्या बुंध्याला टेकला. महालिंगानं कुदळ आणली, दोरी आणली.

"माप घ्या," आबासाहेब म्हणाला. "ज्याचा खड्डा त्याचंच पाऊल लागतंय, साहेब. अंगठ्याला टाच लावून चारी बाजू. बसवंतराव तर गेलेला, म्हणून ह्यांच्या जंगम अय्यानं त्याच्या पावलाची दोरी मापून घेतली होती."

महालिंगाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आजवर घरात मोजमाप काहीही असो, दाराची चौकट असो की वाफा असो, ते त्यानंच घेतलं होतं. त्या सवयीनं त्यानं पायातली चप्पल काढली अन् दोरीच्या टोकाशी ठेवायला आपलं पाऊल उचललं.

भागम्मा किंचाळली. ती कशी पळाली, कशी लेकाच्या अंगावर आदळली, तिलाच कळलं नाही. दोघंही ढेकळांत पडली. ती त्याच्या पायाला धरून त्याला मागं ओढत होती, नखं त्याच्या पोटरीत रुतली होती.

"पाय मागं घे! मागं घे म्हणते न्हवं! लागला का रे? भुईला लागला का? आबासाहेब, सांगा की, लागला का?"

"न्हाई लागला, भागम्मा," आबासाहेबाचाही आवाज फाटला होता. "न्हाई लागला."

मग ती उठली. अनवाणी पाय तापल्या मातीवर ठेवला, त्याच्या अंगठ्याला टाच लावून दुसरा ठेवला. चटके बसत होते, ओठ हलत होते, पण मोजत होती की लिंगाचं नाव घेत होती ते कुणाला ऐकू आलं नाही. चारी बाजू पुऱ्या झाल्या. जवानानं बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवला होता.

अमीन तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. झडत्या घेऊन घेऊन त्याला सोंगं ओळखता येत असावीत. हे सोंग नव्हतं.

"छोड दो," तो जवानांना म्हणाला. घोड्यावर बसताना मात्र वळला. "फिर आऊंगा, अम्मा. गड्ढा दिखना चाहिए."

घोड्याची धूळ बसली तसा आबासाहेबही निघाला. जाता जाता म्हणाला, "वाचलात. पर आता खणावंच लागंल गं माय."

महालिंगानं कुदळ मारायला सुरुवात केली. वीतभर माती निघाली. मग खालूनच त्यानं विचारलं, "तुला ते कापड पयल्यापून असंच दिसायचं?"

तिनं मान डोलावली.

"मग मला सांगितलं का न्हाईस? काढून फेकलं असतं."

"सांगायचं काय? तोंडानं?"

तो खणत राहिला. खड्डा गुडघ्याला आला, कमरेला आला. काळी माती सरून एका अंगाला पांढुरका मुरूम लागला. उन्हापायी त्यानं डोक्याला लाल पंचा गुंडाळला अन् मान खाली घालून तो माती ओढू लागला. काठावर बसलेली भागम्मा ताडकन उठली.

"वर ये."

"अजून हातभर ऱ्हायलंय, माय."

"वर ये म्हाल्या! आत्ताच्या आत्ता!"

त्याला बाहेर ओढून काढल्यावर तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला अन् स्वतः खड्ड्यात उतरली. त्यानं दंड धरला, तो तिनं झटकला. आत मातीचा गारवा होता अन् वास होता. तिनं वर बघितलं. चारी बाजूंनी कापल्यासारखं आभाळ, चौकोनी, उन्हानं पांढरं पडलेलं. त्याच्या कडेला लेकाचं डोकं आलं.

"माय, पाणी देऊ?"

"बाजूला हो. आत डोकावू नगंस."

डोकं हटलं. वरचा चौकोन रिकामा झाला. त्यात कुणी नाही याची तिनं पुन्हा एकदा खात्री करून घेतली, मग कुदळ दोन्ही हातांनी धरली.  पहिला घाव वाकडा पडला.