दुसरा चढ ओलांडल्यावर

तोमेबाईंच्या खानावळीत भांडायला बंदी नव्हती, भात गार होऊ द्यायला होती. उत्तर जपानमधल्या ओबिहिरोच्या रेसकोर्सच्या फाटकासमोरचं ते दुकान. निखाऱ्यावर भाजलेले डुकराच्या मांसाचे काप आणि खाली गरम भात, याखेरीज तिथे काही मिळत नसे आणि कुणी मागतही नसे. नव्या वर्षाची मोठी शर्यत होऊन महिना लोटला होता, तरी तिथल्या गिऱ्हाइकांच्या तोंडी एकच विषय होता. दुसरा चढ ओलांडल्यावर जॉकी तोरिझुकाने आपल्या घोड्याला, कुरोइवाला, का थांबवलं?

आता या भागातली शर्यत म्हणजे काही वाऱ्यावर स्वार होऊन सुटणं नव्हे. घोडे टनभर वजनाचे, मागे लोखंडी स्लेज म्हणजे बिनचाकांची घसरगाडी, स्लेजवर लांब लगाम धरून उभा जॉकी, समोर वाळूची सरळ वाट आणि वाटेत दोन चढ. पळवायला कुणालाही येईल. इथे सारी अक्कल थांबवण्यात लागते. दुसऱ्या चढाच्या पायथ्याशी सगळे घोडे थांबून धापा टाकतात, आणि कोण आधी हलतो यावर जॉकीची किंमत ठरते. घोड्याचं नाक रेषेपलीकडे गेलं म्हणून कुणी जिंकत नाही. स्लेजचं शेवटचं टोक रेषा ओलांडेल तेव्हाच शर्यत संपते. वेग असा की प्रेक्षक कठड्याच्या कडेने आपापल्या घोड्याबरोबर चालत जातात.

हेइकिची तर जन्मभर असा चालत आला होता. कुरोइवा त्याच्याच तबेल्यात जन्मलेला, त्यानेच वाढवलेला, त्याच्याच मालकीचा. काळाकभिन्न, मानेवर पांढरा पट्टा. मार्चमधली वर्षातली सर्वांत मोठी शर्यत धावून तो कायमचा घरी परतायचा होता. हेइकिचीही थकला होता. कुरोइवानंतर नवा घोडा घ्यायचा नाही हे त्याने ठरवलं होतं. म्हणजे मार्चची शर्यत दोघांचीही शेवटची. आणि त्या शर्यतीला कुरोइवामागे कोण उभा राहील ते आज दुपारी सांगायचं होतं. ट्रेनर नाकागिरी नाव विचारायला इथेच जेवायला येणार होता.

हेइकिचीचं ठरलं होतं. तोरिझुका नको.

हे ठरवताना त्याला झोप लागली नव्हती, हेही खरं. त्याचे सगळे घोडे आजवर तोरिझुकानेच हाकले होते. तोरिझुका त्याला ओयाजी म्हणे, म्हणजे बाबा. हेइकिचीची बायको सादा गेली तेव्हा हा मनुष्य आठवडाभर तबेल्यात राहिला, घोड्यांना पाणी-वैरण केली आणि सांत्वनाचा एक शब्दही न बोलता परत गेला. हेइकिचीला ते सांत्वन अजून पुरत होतं. पण म्हणून काय झालं? नव्या वर्षाच्या शर्यतीत कुरोइवा दुसरा चढ सगळ्यांच्या आधी चढला, पलीकडे उतरला, पुढे सपाट वाळू, रेषा हाकेच्या अंतरावर, आणि तिथे गडी उभाच राहिला. अगदी निवांत, घरच्या अंगणात उभा असल्यासारखा. मागचे दोघे शेजारून निघून गेले. विचारलं तेव्हा तोरिझुका मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी, ओयाजी. त्याला दम खाऊ द्यावासा वाटला."

हरल्याचं दुःख नव्हतं. या उत्तराचा राग होता. चढाआधी दम खाऊ देतात. चढ संपल्यावर, रेषा समोर दिसत असताना दम खाऊ द्यायला हा काय सहलीला निघाला होता? एकतर याचं डोकं थकलं किंवा हा आपल्याशी खोटं बोलतो, आणि हेइकिचीला यातलं दुसरं जास्त लागत होतं.

आज समोर शिरोता बसला होता. जन्मभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला माणूस, आणि टँकरवाल्याला असतं तसं त्याला प्रत्येक वळणाबद्दल ठाम मत होतं. तो तोरिझुकाच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, थंडी इतकी होती की वाळू गोठून घसरडी झालेली, पहिल्या चढावरच तोरिझुकाने घोडा फार रेटला, म्हणून पुढे घोड्याने थांबणं भागच होतं. हेइकिचीचं म्हणणं, रेटला नव्हता, छान चालवला होता, म्हणून तर पुढे होता. शिरोताने मग पहिल्या चढाआधीचे थांबे काढले, हेइकिचीने दहा वर्षांपूर्वीचा एक घोडा काढला, आणि तोमेबाईंनी दोघांच्या वाट्यांवर झाकण ठेवलं.

"तुम्ही दोघं स्लेजवर उभे राहिलात ना, तर घोडा हसून हसून बसेल खाली," त्या म्हणाल्या.

शिरोताने शेवटी खिशातून फोन काढला. नातीने त्याला चित्रण करायला नुकतंच शिकवलं होतं आणि शर्यतीच्या दिवशी हेइकिचीच्या मागून चालत त्याने सगळी शर्यत टिपली होती. घरी जाऊन शांतपणे पाहिली तेव्हा त्याला जे दिसलं ते तो आज पुरावा म्हणून दाखवणार होता.

"हात बघ त्याचे," तो म्हणाला. "नीट बघ. आणि मग काय ते बोल."

फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. तिघांनी माना पुढे काढल्या. पडद्यावर आधी हेइकिचीची पाठ आणि कानटोपी, पलीकडे कठडा, त्याच्याही पलीकडे वाफांच्या ढगातून वर येणारा कुरोइवा. चढ संपला. घोडा उतरला. तोरिझुकाचे हात पुढे होते, लगाम सैल लोंबत होता. त्याने ओढला नव्हता. तरी घोडा थांबला, आणि तोरिझुका तर उलट लगामाचा फटका देऊन त्याला पुढे घालायला बघत होता.

"बघितलंस? त्याने थांबवलाच नाही," शिरोता म्हणाला. "घोडाच थांबला. मग चूक माझी, चूक माझी करत कशाला फिरतो तो, ते मला कळत नाही."

 तोमेबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि या वेळी कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायलाही सांगितलं. पुन्हा तीच पाठ, तीच कानटोपी. लोकांचा गलका, बर्फावर बुटांचा कुरकुर आवाज. चढ संपला. आणि त्या गलक्यात फोनच्या अगदी जवळून एक लांब, हळुवार शीळ ऐकू आली, शेवटी जराशी खाली वाकलेली.

कुरोइवाचा कान कठड्याकडे वळला. मग तो थांबला.

"ही शीळ कोण घालतंय?" तोमेबाईंनी विचारलं.

उत्तराची गरज नव्हती, कारण तोवर हेइकिचीचा चेहरा त्यांना दिसला होता. गावात ही शीळ सगळ्यांना ठाऊक होती. काम संपलं की हेइकिची घोड्याचा पट्टा सोडायचा, पाण्याची बादली पुढे ठेवायचा आणि घोडा पीत असेतोवर अशी शीळ घालायचा. त्याचा बापही घालायचा. त्याच्या हाताखाली वाढलेल्या प्रत्येक घोड्याला शिंगराच्या वयापासून एक गोष्ट पक्की माहीत असायची, की ही शीळ आली म्हणजे आजचं ओढणं संपलं. सादा मात्र वेगळंच सांगायची. ती म्हणायची, याला बरं वाटलं की आपोआप शीळ येते, आणि याला स्वतःला ती ऐकूच येत नाही.

त्या दिवशी घोडा पुढे निघालेला पाहून त्याला फार बरं वाटलं होतं.

शिरोताने फोन हळूच खिशात घातला. जिंकलेल्या भांडणाचा त्याला जरासुद्धा आनंद झाला नाही. तोमेबाईंनी झाकण काढून हेइकिचीपुढे भाताची वाटी सरकवली आणि तो खाऊ लागला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. नाकागिरी आला, अंगावरचा बर्फ झटकला आणि बसण्याआधीच नाव विचारलं.

"तोरिझुका," हेइकिची म्हणाला. "त्याला हवं असेल तर."

जेवण तसंच टाकून तो उठला आणि रस्ता ओलांडून तबेल्यांकडे गेला. तोरिझुका कुरोइवाच्या खुरांतला बर्फ काढत बसला होता. हेइकिचीने येताना मनाशी पुष्कळ जुळवाजुळव केली होती. प्रत्यक्षात त्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला.

"तू ऐकली होतीस," तो म्हणाला.

तोरिझुकाने वर पाहिलं नाही. "ऐकली."

"मग माझ्या तोंडावर का नाही फेकलंस? महिनाभर मी तुला चारचौघांत शिव्या घालत फिरतोय."

"सांगितलं असतं तर तुम्ही कठड्याशी यायचं बंद केलं असतं, ओयाजी. घरी टीव्हीपुढे बसला असता." त्याने दुसरा खूर उचलला. "हा तुमची टोपी शोधत चढतो. मला मागून दिसतं ना. त्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, तर काय बिघडलं?"

हेइकिचीला माफी मागायची होती. त्याऐवजी त्याने वाकून पाण्याची बादली उचलली आणि घोड्यापुढे धरली. कुरोइवा पाणी प्यायला. शीळ घालायची की नाही हे म्हाताऱ्याला कळेना, तेव्हा तोरिझुका म्हणाला, "घाला. इथे घालायला हरकत नाही."

मार्चमध्ये बर्फ मऊ पडला होता आणि वाळू जड झाली होती. हेइकिची कठड्याशी उभा राहिला तो तोंडात आंबट प्लमची मोठी गोळी धरून. तोमेबाईंनी मूठभर गोळ्या त्याच्या खिशात कोंबल्या होत्या आणि एक संपली की दुसरी तोंडात घालायची अशी ताकीद दिली होती. शिरोता शेजारी होता. शीळ येतेय असं वाटलं तर कोपर मारायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते त्याने सुरुवातीपासूनच विनाकारण सुरू केलं होतं.

घोडे निघाले. पहिला चढ कुरोइवाने शांतपणे घेतला. दुसऱ्याच्या पायथ्याशी सगळे थांबले. इतर निघाले तरी तोरिझुका उभाच. शिरोता गुरगुरला की आता तरी हलव. हेइकिची गोळीमागून पुटपुटला की त्याला त्याचं काम करू दे. हे वाक्य त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं होतं, आणि शिरोता इतका दचकला की कोपर मारायचं विसरला.

मग कुरोइवा हलला. अर्ध्या चढावर गुडघ्यांवर आला, उठला, पुन्हा ओढू लागला. वर पोचला तेव्हा पुढे दोन घोडे होते. उतारावर तोरिझुकाने त्याला सैल सोडलं आणि तो म्हातारा प्राणी त्या दोघांमागून वाळू उधळत निघाला. हेइकिची शेजारून चालत होता, धडपडत, बर्फात बूट रुतवत. घोड्याचा एक कान त्याच्याकडे होता. म्हाताऱ्याच्या पोटातून ते जुनं बरं वाटणं वर येऊ लागलं. त्याने ओठ घट्ट मिटून गोळी दाढेखाली दाबली. गोळी फुटली आणि तोंड आंबटाने भरून गेलं.

नाक रेषेपलीकडे गेलं. मान गेली. खांदे गेले. स्लेज यायची होती.  स्लेजचं पुढचं टोक गेलं, मधला भाग गेला, तोरिझुका गेला आणि शेवटी मागचं टोकही गेलं.

कुरोइवा तिसरा आला. हेइकिचीला तेवढं पुष्कळ होतं.

आता शीळ घालायला कुणाची मनाई नव्हती. त्याने ओठ पुढे केले, पण ते थरथरत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. हवेखेरीज काही बाहेर पडेना. घोडा कान टवकारून उभा होता. काम संपलंय की नाही ते त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा स्लेजवरून शीळ आली. लांब, हळुवार, शेवटी जराशी खाली वाकलेली. तोरिझुकाने लगाम सोडला होता आणि कठड्याकडे बघत तो ती पूर्ण करत होता. सादा गेली त्या आठवड्यात रोज तबेल्यात घातल्याशिवाय ती इतकी बिनचूक कुणाला आली नसती.

कुरोइवाने मान खाली सोडली आणि सावकाश, घरी आल्यासारखा, श्वास टाकला.